डावा पाय आधी

मुर्ध्यात, माझ्या माहेरच्या गावात, माझ्याबद्दल एक वाक्य ठरून गेलंय. 'हिने बापाची जमीन पेंगुइनवर घालवली.' लग्नात, बारशात, मासळीच्या पाटीपाशी, कुठेही मी दिसले की कोणीतरी ते दुसरीच्या कानात सांगतं, आणि सांगतं तेही मला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. सुरुवातीला मी भांडायचे. आता म्हणते, "हो, घालवली. तुमची होती का? नव्हती ना? मग झालं तर."

आमची भातशेती खाडीच्या बांधाला लागून होती. वडील गेल्यावर काही वर्षं दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, ती केली. मग खारं पाणी शिरत गेलं, मजूर मिळेनात, आजूबाजूला भराव पडायला लागले आणि एक दिवस बिल्डरचा माणूस मिठाई घेऊन दारात उभा राहिला. आमच्याकडे पद्धत अशी की जमीन विकायची वेळ आली की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने तिला साडी घ्यायची, वहिनीने गोडाचं जेवण घालायचं, आणि बहिणीने हसतमुखाने आपल्या घरी जायचं. माझ्या आत्यांनी तेच केलं. चुलत बहिणींनीही तेच केलं. मी नाही केलं. जमीन विकायच्या कागदावर मी सही केली, सोडायच्या कागदावर नाही.

"तुना काय कमी हाय?" दादाने विचारलं होतं. खरं तर काहीच कमी नव्हतं. मिस्टर गेले तरी शांती नगरचा फ्लॅट आहे. इतकी वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं, दोन बायका हाताखाली होत्या. मुलगी पुण्यात नोकरी करतेय, तिचं तिचं छान चाललंय. पण कमी नसलं म्हणजे माझं ते माझं नाही, असं कुठे लिहिलंय? मी तसं तोंडावर म्हटलं. दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझा वाटा त्याने दिला, नियमाप्रमाणे दिला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

ते मी सहन केलं. भाऊ आहे, रागावणारच. मला लागलं ते आईचं गप्प राहणं. आई दादाकडे राहते, नव्वदीला टेकलीय, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. सबंध प्रकरणात तिने ना मला चूक म्हटलं, ना दादाला. मी जायचे, ती चहा करायला सांगायची, गुडघ्याची चौकशी करायची, आणि जमिनीचा विषय निघाला की उठून कोंबड्या आत घ्यायला जायची. एकदा मी सरळच विचारलं, "आय, माझा काय चुकला?" तर म्हणाली, "चा थंड होते." अशा बाईपुढे काय बोलणार?

मग त्या वाट्याचं मी काय करणार याची चर्चा सुरू झाली. सोनं घे, मुलीच्या नावावर ठेव, वसईला प्लॉट घे. मी मात्र आधीच ठरवलं होतं. मला पार दक्षिणेला, साउथ जॉर्जिया नावाच्या बेटावर जायचं होतं. तिथे माणसांची वस्ती जवळजवळ नाही. लाखो पेंगुइन आहेत, सील आहेत, माणसाच्या दुप्पट लांबीच्या पंखांचे पक्षी आहेत. मी ते टीव्हीवर पाहिलं होतं, पोळ्या लाटता लाटता. त्यात एक माणूस सांगत होता की तिथे नियमच आहे, पेंगुइन चालत आला तर माणसाने थांबायचं आणि त्याला वाट द्यायची.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. कारण माझं अख्खं लहानपण पाखरं हाकलण्यात गेलंय. भाताचा दाणा भरायला लागला की शेतात चार बांबूंचा माळा उभा राहायचा, त्यावर दादा आणि मी. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. चिमण्यांचा थवा उतरला की डबा बडवायचा आणि ओरडायचं, "हाऽऽ हुर्रर्र!" शाळा बुडवून हे काम. घसा बसायचा. मला वाईट वाटायचं त्या पाखरांचं, ती परत परत यायची, आणि आम्ही परत परत हाकलायचो. आता एकदा, मरायच्या आधी एकदा, जिथे पाखरू पुढे आणि मी बाजूला, तिथे उभं राहायचं होतं. त्यासाठी बापाच्या शेताचा पैसा लागला तर तो त्याच्या जागीच लागला, असं माझं म्हणणं.

पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. तिथे जाऊन पाय न ठेवता परत आले, तर दादाचं खरं होणार. जमीन पण गेली आणि पेंगुइन पण नाही, असं आमचं हसं गावभर झालं असतं आणि ते मी मेल्यावरही थांबलं नसतं. आणि पाय ठेवणं सोपं नव्हतं. जहाज काही धक्क्याला लागत नाही. रबरी बोटीत उतरायचं, त्यातून किनाऱ्यावर. बोटीत चढता-उतरता आलं नाही तर जहाजावरच बसा, असं कंपनीने आधीच कळवलं होतं. आणि माझा डावा गुडघा म्हणजे बिघडलेलं बिजागर.

मग काय, लागले तयारीला. लिफ्ट सोडली. सोसायटीतले लोक जिन्यात गाठायचे, "आंटी, लिफ्ट बंद है क्या?" मी म्हणायचे, "लिफ्ट चालू है, आंटी भी चालू है." पुढे मीच विचार करून हसायचे की हे काय बोलले मी. थंडीचे कपडे घ्यायला केबिन रोडला गेले. भर उकाड्यात लोकरी जॅकेट मागितलं तर दुकानदाराने पंखा माझ्याकडे वळवला. "कश्मीर जा रहे हो?" म्हटलं, "नहीं, उससे बहुत नीचे." तो म्हणाला, "नीचे तो केरला है." मी जॅकेट घेतलं, कानटोपी घेतली आणि वाद घातला नाही.

बोटीचा सराव मात्र केबिन रोडवर मिळत नाही. तो मुर्ध्याच्या खाडीवर. शेजारच्या काकांची छोटी होडी आहे. ते म्हणाले, ये ओहोटीला, चढ-उतर किती करायची ती कर. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा उतरले आणि तेवढ्याच वेळा चिखलात बसले. गावातली पोरंटोरं बांधावर जमली होती, बायका धुणं सोडून आल्या होत्या. काका मनगट धरायचे, मी पाय टाकायचे, आणि धप्प. दुसऱ्या आठवड्यातही तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं धरून उतरतेय तर पडते कशी?

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "उतरताना डावा पाय आदी टाक गो! डावा!"

दादा होता. हातात कोयता, कुठल्याशा कामाला निघालेला. दोन वर्षांनी माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य. मी चिखलात बसूनच ओरडले, "डावा कसा? नव्या जागी उजवा पाय टाकतात!"

"शुभ-बिभ घरात! दुखरा पाय आदी खाली, भार चांगल्यावर. अक्कल हाय का न्हाय?"

 खरंच की! लग्नात माप ओलांडल्यापासून मी कुठल्याही नव्या जागी उजवाच पाय आधी टाकत आलेय, विचारसुद्धा न करता. उजवा खाली जायचा आणि सगळा भार मागे त्या दुखऱ्या डाव्यावर. तो बिचारा मोडणार नाही तर काय? मी उठले, परत होडीत चढले, डावा पाय आधी टाकला. उतरले. उभी राहिले. बांधाकडे पाहिलं तर दादा निघून गेला होता.

निघायच्या आदल्या दिवशी आईला भेटायला गेले. वहिनीने ओटी भरली, मिस्टर गेल्यावर भरत नाहीत तरी. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. दादा मागच्या दारी होता, पुढे आला नाही. वहिनीला आणि आईला मी आधीच सांगितलं होतं की यातलं काही नेता येणार नाही. त्या बेटावर बाहेरचं एक बी चालत नाही. बुटाच्या खाचेत माती नको, कपड्यात गवताचं कुसळ नको. बाहेरचं काही उगवलं तर तिथल्या पाखरांची जागा जाते. ओटीचं सगळं मी शांती नगरला आल्यावर शेजारणीला देऊन टाकलं.

आईने मात्र विचारलं, "कपरे कुठं हायत? दाखव." मी बॅग बरोबरच आणली होती, कारण आधी तिथूनच मुलगी मला विमानतळावर नेणार होती; रात्री घरी परतायचं ते मागून ठरलं. मी जॅकेट आणि कानटोपी काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती त्यावरून हात फिरवत बसली. मी आत वहिनीशी बोलायला गेले, परत आले तर आईच्या हातात सुई-दोरा. "टोपीची शिवन उसवलेली, घातली दोन टाकं." नव्या टोपीची शिवण कशी उसवली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

जहाजाचं वर्णन मी करत बसणार नाही. पहिले काही दिवस मी छतच पाहिलं, कारण उठले की पोटातलं सगळं वर यायचं. माझं इंग्रजी केबिन रोडच्या भावतोलाइतकं, पण हातवारे जोडले की कुठेही चालतं. बाकीचे प्रवासी गोरे, वयस्कर, धट्टेकट्टे. मला सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि जेवणात तिखट कुठे आहे ते दाखवायचे.

बेट यायच्या आदल्या दिवशी सकाळी तपासणी. जहाजाच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, व्हॅक्यूम क्लीनर, ब्रश, चिमटे, टॉर्च. आपापली चीजवस्तू आपणच साफ करायची, मग तिथली माणसं तपासणार. पास झालात आणि माझ्याकडे बी-माती काही नाही अशा कागदावर सही केलीत, तरच उद्या उतरायचं. मी तर खूशच झाले. वर्षानुवर्षं पोत्यांनी तांदूळ निवडलेत, गव्हातला खडा नजरेतून सुटला नाही माझ्या. मला कोण काय शिकवणार! बुटांच्या खाचा टूथब्रशने घासल्या, पँट उलटी करून झटकली, जॅकेटवर ब्रश मारला, कॉलर उलटी केली. मान वर करून तपासणीच्या मुलीपुढे जाऊन उभी राहिले.

वेणी घातलेली तरुण पोर होती. तिने बूट पाहिले, मान डोलावली. पँट पाहिली. जॅकेट घेतलं, आतला खिसा उलटा केला आणि टॉर्च जवळ नेला. मग चिमटा आत घातला आणि काहीतरी ओढून काढलं. तिने मला विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

"माझ्या जॅकेटात? शक्यच नाही!" मी मराठीतच ओरडले. सगळा हॉल वळून बघायला लागला. तिने तो चिमटा माझ्या डोळ्यांपुढे धरला.

भाताचा दाणा होता. तुसासकट, आणि टोकाला लांब कुसळ. त्या कुसळाने तो लोकरीत रुतून बसला होता. तिने परत चिमटा घातला, दुसरा काढला, तिसरा, चौथा, पाचवा. तांबूस, बारकुडे. मी लगेच ओळखले. आमच्या खारजमिनीतलं भात होतं ते. शेवटच्या वर्षी पीक आलं तेव्हा आईने चार लोंब्या दारावर बांधल्या होत्या, जमीन गेली तरी त्या तशाच तिथे लटकताहेत, धुरकट होऊन. म्हातारीने त्यातले दाणे काढून माझ्या खिशात घातले होते.

आधी मला संताप आला. एवढं समजावून सांगितलं होतं, आय! लाखभर वेळा सांगितलं होतं! मग मला रडू यायला लागलं आणि त्याचा अजून राग आला. ती पोर घाबरली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. हळूहळू, सोप्या शब्दांत म्हणाली की जॅकेट परत साफ करावं लागेल, परत तपासावं लागेल, हे बी जिवंत असू शकतं, हे जाळून टाकतील. "हे तुमच्यासाठी खास आहे का?"

"माझ्या वडिलांचं शेत," मी म्हटलं. "फिनिश. आता नाही."

 पाच दाणे एका छोट्या पांढऱ्या बशीत ठेवलेले. बाकी शेतावर आता पाया खणलाय, वर क्रेन उभी आहे. मी त्या बशीकडे पाहत होते आणि मला एकदम सुचलं. विचारलं, "जाळायचेच आहेत ना? मी खाल्ले तर?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग कळलं की नाही, बाई खरंच विचारतेय. ती तिच्या साहेबाला विचारून आली. हसत होती. म्हणाली, माझ्यासमोर खायचे, आणि तूस या पिशवीत टाकायचं, एकही कण बाहेर जाता कामा नये.

लहानपणी माळ्यावर बसून आम्ही तेच करायचो. भूक लागली की लोंबी ओढायची, दाताने दाणा फोडायचा, तूस थुंकायचं. इतक्या वर्षांनी माझे पुढचे दात कामाला लागले. एकेक दाणा सोलला, तूस पिशवीत टाकलं, आणि दाणा चावला. कच्चा, कडक, जुनाट वास होता त्याला, चव म्हणाल तर काहीही नाही. पण मी पाचही सावकाश चावले. ती पोर समोर टॉर्च हातात घेऊन उभी, एखाद्या पूजेला थांबावं तशी. मग मी जॅकेट उलटं केलं आणि परत पहिल्यापासून साफ करायला बसले. दुपारी ते पास झालं. मी कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बेट दिसलं. काळे डोंगर, त्यावर बर्फ, खाली हिरवट किनारा, आणि किनाऱ्यावर पांढरं-काळं काहीतरी पसरलेलं. मला आधी दगड वाटले. दुर्बिणीतून पाहिलं तर ते सगळे उभे पेंगुइन. वास जहाजापर्यंत येत होता, आणि आवाज, हजारो भोंगे एकदम वाजावेत तसा. वारा वाढण्याची शक्यता आहे, म्हणून उतरणं फक्त सकाळीच होईल, असं सांगण्यात आलं. मी तयार होऊन रांगेत उभी राहिले. जॅकेट, वरून जहाजाने दिलेला लाल कोट, लाइफ जॅकेट, बूट. शेवटी कानटोपी घातली.

आणि घालता घालता माझा हात टोपीच्या घडीवर थांबला.

माझी आई कुठेही जाताना पैसे दोन जागी ठेवते. थोडे बटव्यात, थोडे पोलक्यात. एक चोरीला गेले तर दुसरे असावेत. जन्मभर तसंच करत आलीय, आम्हालाही तसंच शिकवलंय. आणि टोपीची शिवण तिने शिवली होती, दोन टाके घालून.

मी बोटांनी घडी चाचपली. आत काहीतरी टोचलं.

माझ्या पुढे दोनच माणसं होती. खाली रबरी बोट लागलेली, मनगट धरायला माणूस उभा. कालच्या तपासणीत टोपी पास झाली होती, कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. गुपचूप टाका तोडून दाणा तोंडात टाकला असता तर कोणाला कळणार होतं? पण त्या घडीत अजून काय आहे ते मला तरी कुठे माहीत होतं? अर्धं कुसळ, दुसरा दाणा? आणि मुख्य म्हणजे मी सही केली होती. मी सही करायला किती खळखळ करते ते आमच्या गावात कोणालाही विचारा. पण केली की केली.

मी रांगेतून बाहेर आले. मागचे गोरे आजोबा म्हणाले, "मॅडम, तुमची पाळी!" मी म्हटलं, "नो. यू गो."

वेणीवालीला शोधलं, टोपी तिच्या हातात दिली, म्हटलं, "मदर. वन मोअर." तिने टाका कापला. एकच दाणा होता. पण तिने टोपी ठेवून घेतली आणि मला म्हणाली, सॉरी, आता सगळंच परत बघावं लागेल. कोट, जॅकेट, मोजे, खिसे, सगळं. मी मुकाट्याने एकेक काढत गेले. खिडकीतून बोटी जाताना-येताना दिसत होत्या. वाऱ्याने पाण्यावर पांढरं यायला लागलं होतं. मग माइकवरून काहीतरी सांगितलं गेलं. मला सगळं नाही कळलं, पण त्या पोरीचा चेहरा बघून कळलं. उतरणं बंद झालं होतं. आता बोटी फक्त किनाऱ्यावरच्या लोकांना परत आणायला जाणार होत्या.

 डोळ्यांसमोर मुर्ध्याचा नाका उभा राहिला. जमीन पण गेली, पेंगुइन पण नाही. मी मनातल्या मनात आईला एवढ्या शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. आणि मग मी उठले. मी म्हणजे काही तिथे बसून रडणारी बाई नव्हे. कपडे चढवले आणि सरळ तिच्या साहेबापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बोट जाताना रिकामी जाणार. मी बसते. दहा मिनिटं. पाच. पाय ठेवते आणि येते." एवढं इंग्रजी मी कुठून आणलं देव जाणे. तो समुद्राकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. वेणीवाली त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, विचारलं, "उतरता येईल?"

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं.

बोट उसळत होती. अंगावर पाणी, पाणी कसलं, नुसत्या सुया. किनारा जवळ आला, माणसाने माझं मनगट धरलं, अगदी काका धरायचे तसंच, कोपरापर्यंत घट्ट. आयुष्यभराच्या सवयीने उजवा पाय उचलला गेला. बांधावरचा आवाज कानात आला आणि मी तो परत ठेवला. डावा आधी टाकला. गुडघाभर पाण्यात उभी राहिले, मग काळ्या वाळूवर. पडले नाही.

समोर पेंगुइनच पेंगुइन. माझ्या कमरेएवढे उंच, कानापाशी पिवळा पट्टा. एक त्यांच्यातून निघाला आणि फतक फतक करत थेट माझ्या रोखाने यायला लागला. मला सांगितलेलं होतं, हलायचं नाही. तो येत होता, आणि माझ्या घशात, कुठल्या खोल जागेतून, ती हाळी वर यायला लागली. हाऽऽ हुर्रर्र. खरं सांगते, ओठांपर्यंत आली. मी दोन्ही हात लाइफ जॅकेटवर घट्ट दाबून धरले आणि ती गिळली. तो जवळ येऊन थांबला. मान तिरकी करून माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मला वळसा घालून पाण्याकडे गेला. मी रडले, आणि मोठ्याने रडले. त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार होतं? वेळ संपला म्हणून बोटीवाल्याने हाक मारली तेव्हा मी गेले, एक मिनिटही जास्त मागितलं नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मुर्ध्याला गेले. ओसरीवर आई बसली होती, बाजूच्या खाटेवर दादा सुपारी कातरत होता. मी आल्यावर उठून जाईल असं वाटलं, पण उठला नाही. मोबाइलवरचे फोटो वहिनीने पाहिले, पोरांनी पाहिले. आईला फोटोत रस नव्हता. तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पाखरांना दिलास का दाना?"

"कसला दाना?"

"खिशान टाकलेला. आपुन जल्मभर पाखरा हाकलली. आता शेत न्हाय, हाकलायचा न्हाय. म्हनला पाच दाने त्यांना द्यावं."

 म्हातारीने एवढा विचार केला होता. खोटं बोलून टाकावं असं क्षणभर वाटलं, म्हणावं दिले, खुशीने खाल्ले त्यांनी. पण जीभ वळली नाही. म्हटलं, "न्हाय दिलं, आय. तिथं चालत न्हाय. टोपीतला त्यांनी घेतला. खिशातलं मी खाल्लं."

"तू खाल्लंस?"

"हां. मीच."

दादाचा अडकित्ता थांबला.  आईने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून दादाकडे पाहिलं, आणि त्याच्याकडे बघत बघतच मला म्हणाली, "बरा केलास. तुझा पन व्हताच की त्यान वाटा."

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं ते असं, ओसरीवर, भर दुपारी, कोंबड्यांच्या गडबडीत.  मी पदराने नाक पुसत बसले. दादाने अडकित्ता खाली ठेवला. कातरलेली सुपारी तळहातावर घेतली, थोडी माझ्यापुढे धरली. माझ्याकडे न बघताच विचारलं, "उतरताना पाय कंचा टाकलास आदी?"

"डावा," मी म्हटलं.